भाव, पगार आणि मज्जाव : १९४५ ते १९६० ची अमेरिका

१९५० साली अमेरिकेतल्या शहरांत एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम पाव सरासरी १४ सेंटांना मिळत होता. डझनभर अंड्यांना ६० सेंट पडत, पौंडभर कॉफीला ७९ सेंट आणि घरपोच येणाऱ्या अर्धा गॅलन दुधाला ४१ सेंट. गॅलनभर पेट्रोल २७ सेंटांच्या आसपास होते. देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पत्र धाडायला ३ सेंटांचे तिकीट पुरत असे. १९४९ मधल्या रुपयाच्या अवमूल्यनानंतर एका डॉलरला सुमारे पावणेपाच रुपये मोजावे लागत. त्या हिशेबाने तो पाव अकरा आण्यांना पडला असता. आजच्या वाचकाला हे भाव मातीमोल वाटतात. त्या वेळच्या गिरगावातल्या गृहिणीला ते डोळे पांढरे करणारे वाटले असते.

दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या आहेत, कारण नुसत्या भावातून जगणे कळत नाही. त्याच्याबरोबर आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात : घेणाऱ्याच्या हाती पगार किती येत होता, रोख नसेल तर त्याला उधारी कोण देत होते, आणि पैसे असूनही दुकानाच्या, बँकेच्या किंवा वसाहतीच्या दारात त्याला मज्जाव होता का. युद्धोत्तर अमेरिकेची समृद्धी आणि तिच्यातला अन्याय हे दोन्ही या तीन कसोट्यांवर एकाच वेळी दिसतात.

युद्धकाळातले नियंत्रण आणि नंतरची भाववाढ

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतही रेशनिंग होते. साखर, कॉफी, मांस, लोणी, पेट्रोल आणि टायर या वस्तू कुपनांवर मिळत, आणि किमतींवर सरकारी खात्याची नजर असे. कारखाने रणगाडे आणि विमाने बनवत असल्यामुळे नव्या मोटारी आणि शीतकपाटे बाजारात जवळजवळ नव्हतीच. दुसरीकडे सगळ्यांना काम होते, पगार चांगले होते, आणि खर्चायला जागा नसल्याने पैसा बँकेत आणि युद्धरोख्यांत साठत होता.

३० जून १९४६ रोजी किंमत नियंत्रणाचा कायदा संपला आणि दबलेली मागणी उसळली. थोड्याच आठवड्यांत कायदा सौम्य रूपात परत आला, पण वर्षअखेर बहुतेक नियंत्रणे उठली. साखरेचे रेशनिंग तेवढे १९४७ च्या जूनपर्यंत चालले. १९४५ ते १९४८ या तीन वर्षांत ग्राहक किमतींचा निर्देशांक सुमारे एक तृतीयांशाने चढला. कामगारांनी त्याला संपाने उत्तर दिले. एकट्या १९४६ मध्ये ४६ लाख कामगार संपात उतरले होते.

पुढे कोरियातल्या युद्धामुळे १९५१ मध्ये भाव पुन्हा जवळजवळ आठ टक्क्यांनी वाढले. त्यानंतर मात्र ते स्थिरावले. १९५२ ते १९५५ या काळात निर्देशांक एका टक्क्याच्या आसपासच हलला. १९५० ते १९६० या दहा वर्षांत मिळून झालेली वाढ सुमारे २३ टक्के होती. पन्नाशीच्या दशकाबद्दल अमेरिकेत आजही जी ओढ आहे, तिचे एक साधे कारण या स्थैर्यात सापडते. महिन्याचा खर्च आधी मांडता येत होता, आणि मांडलेला हिशेब बहुधा जुळत होता.

काही किमती तर वर्षानुवर्षे जागच्या हलल्या नाहीत. कोका-कोलाचा पेला, आणि पुढे साडेसहा औंसांची बाटली, १८८६ पासून सुमारे सत्तर वर्षे पाच सेंटांनाच मिळत राहिली. देशभरच्या भिंतींवर आणि फलकांवर कंपनीने तोच भाव रंगवला होता, आणि विक्रीयंत्रे फक्त पाच सेंटांचे नाणे घेत. भाव वाढवायचा तर थेट दहा सेंट करावा लागला असता. त्यामुळे साडेसात सेंटांचे नवे नाणे पाडावे, अशी विनंती कंपनीने सरकारकडे केली होती. ती मान्य झाली नाही. दशक संपता संपता पाच सेंटांची बाटली बाजारातून गेली. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे भाडेही १९०४ पासून पाच सेंट होते. ते १९४८ मध्ये दहा आणि १९५३ मध्ये पंधरा सेंट झाले.

पगार : मिनिटांत मोजलेला भाव

१९५० मध्ये कारखान्यातल्या कामगाराला तासाला सरासरी १ डॉलर ४४ सेंट मिळत, तर १९६० मध्ये २ डॉलर २६ सेंट. या पगारावर बाजारभाव मोजला की चित्र स्पष्ट होते. डझनभर अंड्यांसाठी १९५० मध्ये सुमारे २५ मिनिटे राबावे लागे, १९६० मध्ये १५ मिनिटे. पौंडभर कॉफीसाठी ३३ मिनिटे लागत, ती २० वर आली. गॅलनभर पेट्रोलला ११ मिनिटे लागत, ती ८ झाली. पावाचा भाव सेंटांत बराच वाढला, १४ वरून २० वर गेला, पण मिनिटांत तो सहावरून साडेपाचाखाली उतरला. मधल्या उत्पन्नाच्या कुटुंबाची वर्षाची कमाई याच काळात ३,३०० डॉलरांवरून ५,६०० डॉलरांवर गेली. भाव २३ टक्के वाढले आणि उत्पन्न सुमारे ७० टक्के. दशकाची खरी स्वस्ताई या दोन आकड्यांमधल्या अंतरात होती.

हे अंतर आपोआप पडले नाही. युरोप आणि जपानचे कारखाने युद्धात उद्ध्वस्त झाले होते, त्यामुळे अमेरिकी मालाला जगात स्पर्धा कमी होती. देशात संघटना बळकट होत्या. पन्नाशीच्या मध्यावर पगारदारांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक कामगार संघटनांचे सभासद होते. मोटार कामगारांच्या संघटनेने वॉल्टर रूथर यांच्या नेतृत्वाखाली १९४८ मध्ये जनरल मोटर्सकडून महागाईशी जोडलेली पगारवाढ मिळवली. १९५० च्या पाच वर्षांच्या करारात निवृत्तिवेतनाची आणि आरोग्यविम्याची भर पडली. ज्यांच्यामागे संघटना नव्हती त्यांच्यासाठी किमान वेतनाचा कायदा होता. तो दर १९५० मध्ये तासाला ७५ सेंट आणि १९५६ मध्ये एक डॉलर झाला. शेतमजूर आणि घरकामगार मात्र या कायद्याच्या बाहेर होते, आणि दक्षिणेत ही कामे करणाऱ्यांत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती.

घर आणि हप्ता

१९४४ च्या जून महिन्यात अध्यक्ष रूझवेल्ट यांनी परतणाऱ्या सैनिकांसाठीच्या कायद्यावर सही केली. त्यातून १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतले. त्यांपैकी २२ लाखांच्या आसपास महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत गेले. याच कायद्याखाली घरकर्जाला सरकारी हमी मिळे. १९५२ पर्यंत अशी सुमारे २४ लाख कर्जे दिली गेली.

या कर्जांवर उभ्या राहिलेल्या वसाहतींत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचे लेव्हिटटाउन सर्वांत गाजले. विल्यम लेव्हिट यांच्या कंपनीने बटाट्याच्या शेतांवर १९४७ ते १९५१ या काळात १७,४४७ घरे बांधली. बांधकामाचे २७ टप्पे पाडले होते. प्रत्येक टोळी आपला एकच टप्पा करून पुढच्या प्लॉटवर जाई : एक टोळी पाया घाले, दुसरी चौकटी उभारे, तिसरी फक्त रंग लावी. १९४९ च्या नमुन्याची किंमत ७,९९० डॉलर होती, म्हणजे मधल्या कुटुंबाच्या सुमारे अडीच वर्षांच्या कमाईइतकी. स्वयंपाकघरातली यंत्रे त्या किमतीतच येत. १९५० च्या नमुन्यात तर दूरचित्रवाणी संच भिंतीत बसवूनच मिळे. १९४० मध्ये ४४ टक्के कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती. १९६० मध्ये हे प्रमाण ६२ टक्क्यांवर गेले.

घर तारणावर आणि मोटार हप्त्यावर, अशी मध्यमवर्गाची रीत पडली. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या उपाहारगृहांसाठी डायनर्स क्लबचे कार्ड निघाले. १९५८ च्या सप्टेंबरमध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे ६० हजार लोकांच्या घरी, त्यांनी न मागता, उधारीची कार्डे टपालाने पाठवली. मंदीच्या काळात वाढलेली पिढी कर्जाला घाबरत असे. त्यांच्या मुलांना हप्ता हा पगाराचाच एक भाग वाटू लागला.

मोटार, बाजारहाट आणि खाणे

उपनगरात राहायचे तर मोटार हवी. १९५५ मध्ये अमेरिकी कारखान्यांतून ७९ लाख मोटारी बाहेर पडल्या. पुढच्या वर्षी २९ जूनला अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी महामार्गांचा कायदा मंजूर केला. ४१ हजार मैलांचे आंतरराज्य रस्ते बांधायचे ठरले आणि खर्चाचा नव्वद टक्के भार केंद्र सरकारने उचलला. या रस्त्यांमागोमाग मोटेल, पेट्रोलपंप आणि गाडीतून न उतरता चित्रपट पाहण्याची मैदाने वाढली. नव्या रस्त्यांसाठी अनेक शहरांतल्या गरीब, विशेषतः कृष्णवर्णीय वस्त्या पाडल्या गेल्या.

कोपऱ्यावरचा ओळखीचा वाणी मागे पडला आणि सुपरमार्केट आले. शीतकपाट आणि मोटार दोन्ही घरात असल्याने आठवड्याचे सामान एका फेरीत आणता येई. १९५६ मध्ये मिनेसोटातल्या इडाइना येथे व्हिक्टर ग्रुएन यांनी रचलेले साउथडेल सुरू झाले. छताखाली पूर्ण बंदिस्त आणि हवा नियंत्रित केलेले हे पहिले मोठे व्यापारसंकुल. ग्रुएन मूळचे व्हिएन्नाचे होते, आणि लोकांना एकत्र बसण्या-भेटण्याची जागा मिळावी असा त्यांचा हेतू होता.

खाण्यातही कारखान्याची शिस्त शिरली. मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ मध्ये सॅन बर्नार्डिनो येथील आपल्या उपाहारगृहातून वाढपी काढून टाकले, पदार्थांची यादी छाटली आणि १५ सेंटांचा हॅम्बर्गर खिडकीतून द्यायला सुरुवात केली. रे क्रॉक यांनी १९५५ मध्ये इलिनॉयमधल्या डेस प्लेन्स येथे आपली शाखा उघडून हीच पद्धत देशभर नेली. तासाला दीड-दोन डॉलर मिळवणारा माणूस मुलाबाळांना घेऊन बाहेर जेवू शकतो, हे त्या किमतीने शक्य केले.

स्वस्त अन्नाचे मूळ शेतातही होते. ट्रॅक्टर, संकरित मका, खते आणि सरकारी हमीभाव यांमुळे कोठारे भरून वाहत होती. हे जादा धान्य परदेशी धाडण्यासाठी १९५४ मध्ये पी. एल. ४८० हा कायदा झाला. १९५६ पासून भारताशी करार होऊन अमेरिकी गहू मुंबई बंदरात उतरू लागला आणि महाराष्ट्रातल्या रेशन दुकानांपर्यंत पोचला. अमेरिकेतल्या शेतकऱ्याचा प्रश्न आणि इथल्या कुटुंबाची चूल अशी एकमेकांशी जोडली गेली.

दूरचित्रवाणीचे घर

१९५० मध्ये दर शंभर कुटुंबांपैकी सुमारे नऊ घरांत दूरचित्रवाणी होती. १९६० मध्ये ८७ घरांत. तोवर दुसरी कोणतीही वस्तू इतक्या वेगाने घराघरांत गेली नव्हती. सुरुवातीला साध्या संचाला दोनशे डॉलरांच्या आसपास पडत, म्हणजे कारखान्यातल्या कामगाराची तीन-साडेतीन आठवड्यांची मजुरी. तरी लोकांनी तो हप्त्याने घेतला.

या माध्यमाची पहिली मोठी लोकप्रिय मालिका ‘आय लव्ह लूसी’ १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सुरू झाली. ल्यूसिल बॉल आणि तिचा क्यूबात जन्मलेला पती डेसी आर्नाझ यांनी ती प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेऱ्यांनी, चित्रपटाच्या फितीवर टिपली. तेव्हा बहुतेक कार्यक्रम थेट प्रक्षेपित होऊन विरून जात. फितीमुळे या मालिकेचे भाग पुन्हा पुन्हा दाखवता आले, आणि पुनःप्रक्षेपणातून कमाई करण्याचा मार्ग पुढच्या मालिकांना मिळाला. १९ जानेवारी १९५३ रोजी लूसीला मूल होते तो भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर यांचा शपथविधी झाला, त्याला त्याहून कमी प्रेक्षक लाभले.

प्रेक्षकाला कार्यक्रम फुकट दिसत, कारण खर्च जाहिरातदार उचलत. त्यामुळे आशयावर त्यांची पकड असे. १९५८-५९ मध्ये प्रश्नमंजूषांचे निकाल आधीच ठरवले जात असल्याचे उघड झाले. स्पर्धक प्राध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन यांनी काँग्रेसच्या समितीपुढे ते कबूल केले. घरातल्या पडद्यावर देशाने टाकलेल्या विश्वासाला बसलेला हा पहिला मोठा धक्का होता.

चित्रपटगृहांना याची झळ बसली. १९४६ मध्ये आठवड्याला आठ ते नऊ कोटी तिकिटे खपत. सात-आठ वर्षांत ती जवळजवळ निम्म्यावर आली. हॉलिवूडने रुंद पडद्याने उत्तर दिले. वॉल्ट डिस्ने यांनी मात्र दूरचित्रवाणीशीच हातमिळवणी केली. वाहिनीच्या पैशाने आणि साप्ताहिक कार्यक्रमाच्या प्रसिद्धीने १७ जुलै १९५५ रोजी अनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले. प्रौढांसाठी प्रवेश एक डॉलर होता, आतले खेळ वेगळ्या तिकिटावर.

तरुणांच्या खिशातले पैसे

१९४६ मध्ये देशात ३४ लाख मुले जन्मली. १९५७ मध्ये हा आकडा ४३ लाखांवर पोचला. या पिढीच्या आधीची, पन्नाशीच्या दशकात पौगंडावस्थेत असलेली मुले ही इतिहासातली पहिली अशी तरुण पिढी होती, की जिच्या हातखर्चावर एक सबंध उद्योग उभा राहिला. आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये काढलेली ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी डॉलरहून कमी किमतीला मिळे. १९५४ च्या अखेरीस आलेला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ ४९ डॉलर ९५ सेंटांना होता. तो स्वस्त नव्हता, पण खिशात मावत होता. पुढे किमती उतरल्या आणि बैठकीच्या खोलीतल्या रेडिओवरचा वडिलांचा ताबा सुटला.

या यंत्रांतून जे संगीत वाजले, त्याची मुळे कृष्णवर्णीयांच्या ब्लूज, गॉस्पेल आणि ऱ्हिदम अँड ब्लूजमध्ये होती. चक बेरी आणि लिटल रिचर्ड यांनी रॉक अँड रोलला आकार दिला. मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्समध्ये सॅम फिलिप्स यांनी १९५४ मध्ये एल्विस प्रेस्ली या गोऱ्या तरुणाचे पहिले ध्वनिमुद्रण विकायला काढले. ९ सप्टेंबर १९५६ रोजी एड सलिव्हन यांच्या कार्यक्रमात एल्विसला सुमारे सहा कोटी लोकांनी पाहिले. मूळ रचनाकारांना पैसा आणि श्रेय अनेकदा तुटपुंजेच मिळाले. तरीही दक्षिणेत जिथे शाळा वेगळ्या होत्या, तिथे गोरी आणि काळी मुले रेडिओवर तीच गाणी ऐकत होती, ही त्या दशकातली एक महत्त्वाची घटना होय.

मुलांच्या जगात मोठी भीती पोलिओची होती. १९५२ मध्ये सुमारे ५८ हजार रुग्ण नोंदले गेले. उन्हाळ्यात पोहण्याचे तलाव ओस पडत. संशोधनाचा मोठा खर्च लोकांनी दहा-दहा सेंटांची नाणी देऊन उभा केला. १२ एप्रिल १९५५ रोजी जोनास सॉक यांची लस सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचे जाहीर झाले, तेव्हा देशभर चर्चच्या घंटा वाजल्या. दहा सेंटांच्या नाण्याचा याहून चांगला उपयोग त्या काळात क्वचितच झाला असेल.

स्त्रियांचे काम

जाहिरातींत आणि मालिकांत स्त्री घरीच दिसे. प्रत्यक्षात १९५० मध्ये सुमारे ३४ टक्के आणि १९६० मध्ये ३८ टक्के स्त्रिया नोकरी करत किंवा शोधत होत्या. विवाहितांचे प्रमाण तर झपाट्याने वाढत होते. उपनगरातल्या घराचे आणि मोटारीचे हप्ते अनेकदा दुसऱ्या पगारावर चालत. पण वर्तमानपत्रांत नोकरीच्या जाहिराती पुरुषांसाठी वेगळ्या आणि स्त्रियांसाठी वेगळ्या छापल्या जात. पूर्णवेळ काम करणाऱ्या स्त्रीची वर्षाची कमाई १९६० मध्ये पुरुषाच्या कमाईच्या सुमारे ६१ टक्के होती. कर्ज देताना बँका पत्नीचा पगार बहुधा पूर्ण धरत नसत. लेखिका बेटी फ्रीडन यांचे १९६३ चे पुस्तक घराघरांत पोचले, कारण ते गृहिणींच्या ज्या घुसमटीबद्दल होते ती आधीच मुरलेली होती.

मज्जाव

१९५९ मध्ये, मॉस्कोतल्या अमेरिकी प्रदर्शनात, उपाध्यक्ष निक्सन यांनी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना एक नमुना घर दाखवले. तासाला तीन डॉलर मिळवणारा पोलाद कामगार महिना शंभर डॉलरांच्या हप्त्यावर असे घर घेऊ शकतो, असा त्यांचा दावा होता. नेमके त्याच वेळी अमेरिकेतले पोलाद कामगार संपावर होते. आणि तो कामगार कृष्णवर्णीय असला, तर तीन डॉलर हाती असूनही त्याला ते घर कोणी विकले नसते.

लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या करारांत गोऱ्यांखेरीज इतरांना राहू देण्यास मनाई होती. अशी कलमे न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला, पण विक्रीचे धोरण बदलले नाही. सरकारी गृहकर्ज यंत्रणाही कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना जोखमीच्या ठरवून हमी नाकारत असे. १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटटाउनमध्ये बिल आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय दांपत्य एका मालकाकडून घर घेऊन राहायला आले, तेव्हा जमावाने दगडफेक केली. पुढे घरांच्या किमती वाढत गेल्या आणि गोऱ्या कुटुंबांची पुंजी झाल्या. ज्यांना ती संधी नाकारली गेली, त्यांच्या मुलानातवंडांच्या वाट्याला ती पुंजी आली नाही.

मज्जावाविरुद्धची लढाई रोजच्या व्यवहारांतूनच उभी राहिली. अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात बसचे भाडे दहा सेंट होते. काळे उतारूही तेवढेच देत, पण त्यांना मागे बसावे लागे आणि गोऱ्यासाठी उठावे लागे. अशी जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस या उतारूंनी बसवर बहिष्कार टाकला. सुरुवातीला काळ्या टॅक्सीचालकांनी बसइतकेच दहा सेंट घेतले. शहराने ते रोखल्यावर खासगी मोटारींची साखळी उभारली गेली. बसच्या उतारूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय असल्याने कंपनीचा धंदा बसला. अखेर न्यायालयाच्या निकालाने विभागणी संपली.

१ फेब्रुवारी १९६० रोजी उत्तर कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो येथे चार विद्यार्थ्यांनी वूलवर्थच्या दुकानात किरकोळ वस्तू विकत घेतल्या. त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर त्यांनी कॉफी मागितली, तेव्हा ती नाकारली गेली. ते दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, मग इतर शहरांत. जुलैअखेर त्या काउंटरवर सर्वांना वाढले जाऊ लागले. एका काउंटरवर त्यांचे पैसे चालत होते आणि दुसऱ्यावर चालत नव्हते, हे सत्य त्यांनी साऱ्या देशापुढे मांडले.

या प्रश्नाचे नाते महाराष्ट्राशीही आहे. कोलंबिया विद्यापीठाचे विद्यार्थी राहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिले, आणि संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची माहिती मागवली. पाणवठ्यावरचा आणि देवळाच्या दारातला मज्जाव ज्यांनी भोगला, त्यांना बसमधल्या मागच्या बाकाचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता.

वर्णभेदाबाहेरही गरिबी होती. अपालाचियन डोंगरातले खाणकामगार, स्थलांतरित शेतमजूर आणि वृद्ध धरून १९५९ मध्ये २२ टक्के अमेरिकी दारिद्र्यरेषेखाली होते. मायकेल हॅरिंग्टन यांनी १९६२ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहीपर्यंत सुखवस्तू अमेरिकेला ते फारसे दिसलेच नव्हते.

हिशेब

अंडी, कॉफी, पेट्रोल आणि घर सामान्य कामगाराच्या आवाक्यात आले, ही त्या काळाची मोठी कमाई होती. ती संघटनांनी, सार्वजनिक शिक्षणाने, सरकारी हमीने आणि उत्पादनाच्या वेगाने मिळवून दिली. म्हणून १९५० चे दरपत्रक दाखवून स्वस्ताईचे गोडवे गाणे हा त्या कष्टांवरही अन्याय आहे. उरलेला हिशेब पुढच्या पंधरा वर्षांत कायद्यांनी मांडायला घेतला : १९६३ मध्ये स्त्रीपुरुषांना समान पगार, १९६४ मध्ये उपाहारगृहांपासून चित्रपटगृहांपर्यंत सर्वांना प्रवेश, १९६८ मध्ये घरांच्या विक्रीत आणि भाड्यात भेदभावाला बंदी, आणि १९७४ मध्ये स्त्रियांना स्वतःच्या नावावर कर्ज. हे कायदे पगार, मज्जाव आणि उधारी यांबद्दलचे आहेत. कोणत्याही देशाच्या कोणत्याही काळातली स्वस्ताई मोजताना भावांच्या यादीशेजारी हे तीन रकाने आखले, तरच तो हिशेब पुरा होतो.